भाकरी सोडल्यावर पोट का फुगते?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी नव्या कामगार संहितांवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी 'पोट फुगणे' असा विषय सांगितल्यावर त्यांना तो दोनदा विचारून खात्री करून घ्यावी लागली. रिकाम्या पोटाविषयी कामगार पुढाऱ्याने बोलावे आणि फुगलेल्या पोटाविषयी वैद्याने, अशी आपल्याकडे कामाची वाटणी आहे. मला ती मान्य नाही. मी वैद्य नाही, हे मात्र आधीच सांगून टाकतो. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले, आणि कामगारांच्या औषधोपचाराच्या बिलांवरून मालकांशी भांडताना जे कागद वाचावे लागले त्यांत झाले. तेव्हा आज जे सांगणार आहे ते वाचलेले आहे, पाहिलेले आहे आणि जाणत्या डॉक्टरांकडून तपासून घेतलेले आहे. त्याला औषधाची चिठ्ठी समजू नका.

गेल्या काही वर्षांत औद्योगिक वसाहतीतला जेवणाचा डबा बदलला आहे. वरच्या पुडात दोन भाकऱ्या, खाली कालवण, कोपऱ्यात कांदा, हा डबा आता पन्नाशीच्या माणसाकडे कमी दिसतो. त्याऐवजी उकडलेले चणे, पनीरचे तुकडे, किसलेल्या फ्लॉवरचा 'भात', कोबीचे काप असे काहीतरी निघते. विचारले तर उत्तर येते, "साखर निघाली. डॉक्टरांनी भाकरी-भात कमी करायला सांगितलाय." याला मी खूळ म्हणणार नाही. 2023 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत या देशातल्या मधुमेही माणसांचा अंदाज दहा कोटींवर आहे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा साडेतेरा कोटींवर. त्याच पाहणीच्या 2025 सालच्या अहवालाप्रमाणे आपल्या अन्नातली जवळजवळ 62 टक्के शक्ती पिष्ट आणि साखर यांतून येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत धान्यांचा वाटा 45 टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नये असे म्हटले आहे. म्हणजे पिष्ट कमी करा, हा सल्ला चुकीचा नाही. तक्रार पुढची आहे. हीच मंडळी पंधरा दिवसांनी आमच्या कचेरीत येतात, खुर्चीवर बसण्याआधी पट्टा दोन भोके सैल करतात आणि म्हणतात, "दादा, साखर उतरली, पण पोट नगाऱ्यासारखं झालंय. यापेक्षा भाकरी बरी होती." त्यांतले निम्मे पुन्हा जुन्या वाटेला लागतात, आणि उरलेले रोज सकाळी अनशापोटी पित्ताची गोळी आणि रात्री रेचक चूर्ण घेऊ लागतात.

आता असे का होते ते पाहू. त्यासाठी थोडे लंडनला जावे लागेल.

पिष्ट सोडून वजन उतरवण्याची कल्पना लोकांत पसरवली ती विल्यम बँटिंग नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने. धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन 202 पौंड. ऐकू कमी येते म्हणून तो विल्यम हार्वे नावाच्या शल्यवैद्याकडे गेला. वैद्याने कान तपासले आणि पाव, बटाटा, साखर, दूध व बिअर बंद करायला सांगितले. गुण आला तेव्हा बँटिंगने 1863 साली एक छोटी पुस्तिका छापली आणि ती इतकी गाजली, की स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याच्या क्रियापदात त्याचे नाव आजही जिवंत आहे. पुढे 1972 साली अमेरिकेत डॉक्टर रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने हीच कल्पना नव्याने उभी केली. मला आपले लक्ष वेधायचे आहे ते बँटिंगच्या ताटाकडे. पाव काढल्यावर त्याच्या ताटात मांस, मासे आणि थोडी भाजी उरत होती. मांस-माशांत चोथा नाही आणि आंबणारी साखरही नाही. ते लहान आतड्यातच बहुतेक पचून जाते.

आपण काय केले? तो आहार आपण जसाच्या तसा घेतला, आणि मांसाच्या जागी चणे, राजमा, उसळ आणि पनीर ठेवले. ताटातून भात उठला आणि त्याच्या पाटावर हरभरा येऊन बसला. पोटाच्या हिशेबाने ही अदलाबदल साधी नाही. तांदळाचे पिष्ट लहान आतड्यात जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते, मोठ्या आतड्याकडे त्याचे फारसे काही पोचतच नाही. कडधान्याचे तसे नाही. त्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा नावांच्या साखरा असतात. त्या फोडायला जो पाचकरस लागतो तो मनुष्याच्या लहान आतड्यात तयारच होत नाही. तुमच्याही नाही आणि पहिलवानाच्याही नाही. म्हणून त्या साखरा अखंड स्वरूपात मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे राहणारे अब्जावधी जंतू त्यांवर ताव मारतात. त्यांच्या जेवणातून हायड्रोजन आणि कार्बन डायॉक्साइड निघतो, काहींच्या पोटात मिथेनही. आंबवणाच्या पिठाचे भांडे रात्रीतून कसे वर येते ते आमच्या भगिनींना सांगायला नको.

हा वायू किती असतो, तेही माणसांनी मोजलेले आहे. इंग्लंडात शेफील्ड येथे झालेला एक प्रयोग 1991 साली प्रसिद्ध झाला. दहा निरोगी माणसांना नेहमीच्या जेवणाबरोबर 200 ग्रॅम शिजवलेले घेवड्याचे दाणे दिले आणि चोवीस तासांत सुटलेला वायू नळीने गोळा केला. कमीत कमी 476 आणि जास्तीत जास्त 1491 मिलिलिटर भरला. दहाही माणसे निरोगी, दाणे तेवढेच आणि फरक तिपटीचा! पुढे त्यांना चोथा अजिबात नसलेले अन्न दिले, तेव्हा वायू 214 मिलिलिटरच्या आसपास उतरला. या प्रयोगातून दोन गोष्टी उमजतात. वायू होणे हा आजार नाही, आणि शेजाऱ्याला सोसते ते आपल्याला सोसेलच असे नाही. आपल्याकडे एकाने मोड आलेले चणे खाऊन साखर उतरवली की सबंध आळी चणे भिजत घालते.

आता भाकरीची बाजू. 'कार्ब' हा शब्द हल्ली सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. मैद्याचा पाव, पॉलिशचा तांदूळ आणि ज्वारीची भाकरी एकाच पिंजऱ्यात उभी करतात. पण पोषण संस्थेच्या 2017 सालच्या कोष्टकांत पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे दहा ग्रॅम, बाजरीत त्याहून थोडा अधिक, पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमही नाही, आणि अख्ख्या हरभऱ्यात सुमारे पंचवीस. तीन भाकऱ्यांना दोनशे ग्रॅम पीठ धरले तर त्यांतून वीस ग्रॅम चोथा मिळत होता. मोठ्या माणसाला दिवसाला तीस ग्रॅमच्या आसपास चोथा हवा असतो. म्हणजे ज्याने भाकरी सोडली आणि अंडी, चिकन, पनीर यांवर आला, त्याने दोन-तृतीयांश चोथा एका दिवसात घालवला. त्याचे शौच घट्ट होते, दोन-दोन दिवस होत नाही, आणि मागे अडलेल्या वायूला वाट उरत नाही. उलट ज्याने भाकरी सोडून वाटीवाटीने चणे सुरू केले, त्याने चोथा आणि आंबणारी साखर एकदम वाढवली. दोघेही पोट फुगले म्हणूनच येतात, पण दोघांचे दुखणे उलट आहे. एकाला चोथा वाढवायचा आहे आणि दुसऱ्याला तो काही दिवस आवरायचा आहे. औषधाच्या दुकानात मात्र दोघांनाही एकच बाटली मिळते.

याच्या जोडीला पाण्याचा एक हिशेब आहे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. पिष्ट तोडले की पहिल्या आठवड्यात हा साठा उतरतो, त्याबरोबर पाणी जाते आणि मीठही जाते. वजनकाट्यावर दीड-दोन किलो उतरल्याचा जो आनंद होतो, त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो. भट्टीवर उभा राहणारा माणूस आधीच घामाने निथळतो. त्याचे पाणी असे दोन्हीकडून गेले तर आतड्यात शौच दगड होणार नाही तर काय?

दुधाचेही सांगायला हवे. आपल्या देशात मोठ्या वयाच्या पुष्कळ माणसांना दुधातली साखर नीट पचत नाही. पेलाभर दुधात ती बारा ग्रॅमच्या आसपास असते. पनीर करताना तिचा बराचसा भाग निवळीबरोबर निघून जातो आणि दह्यात थोडी आंबून कमी होते, म्हणून पनीर-दही सोसणाऱ्याला दूध सोसतेच असे नाही. आणि पनीरची निवळी वाळवूनच तर व्यायामशाळेतली ती डब्यातली भुकटी बनते! स्वस्त भुकटीत दुधाची साखर बरीच राहून जाते. आमची पोरे ती दुधातच ढवळून पितात आणि मग पोट धरून बसतात.

परंतु मला खरा राग आहे तो 'शुगर फ्री' मिठाईवर. साखर नाही म्हणून चौकोनी वड्या, चॉकलेट, बिस्किटे विकली जातात. त्यांत गोडीसाठी माल्टिटॉल, सॉर्बिटॉल असे पदार्थ घातलेले असतात आणि चोथा दाखवण्यासाठी चिकोरीच्या मुळाचे इन्युलिन. हे सारे लहान आतड्यात अर्धवटच शोषले जाते, आतड्यात पाणी ओढते आणि मोठ्या आतड्यात आंबते. वेष्टनावर बारीक अक्षरांत याने जुलाब होऊ शकतात असा इशारा असतो. तो वाचायला भिंग लागते. 'मधुमेहींसाठी' ही अक्षरे मात्र रस्त्याच्या पलीकडून दिसतात. गंमत अशी, की ज्या फ्लॉवरचा आपण भात करतो त्याच्यातही याच जातीचा मॅनिटॉल निसर्गतःच असतो. पूर्वी रस्स्यात चार तुरे पडत होते. आता सबंध गड्डा एका माणसाच्या पोटात जातो.

गोळ्यांचाही विचार करा. मधुमेहाच्या पहिल्या चिठ्ठीवर बहुधा मेटफॉर्मिन असते. पोट फुगणे, ढवळणे, जुलाब हे त्या औषधाचेच सर्वांत ओळखीचे उपद्रव आहेत. व्होग्लिबोज नावाची गोळी तर पिष्टाचे पचनच लांबवते आणि न पचलेले पिष्ट खाली जंतूंकडे पाठवते. गोळी आणि आहार एकाच सोमवारी सुरू झाले, तर दोष कोणाचा हे कसे ठरवणार? डॉक्टरांना विचारा. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घेतल्याने किंवा हळूहळू विरघळणारा प्रकार घेतल्याने पुष्कळांचा त्रास कमी होतो. मात्र गोळी मनाने बंद करू नका. आणि आहार बदललात तेही डॉक्टरांपासून लपवू नका, कारण ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन भाकरी सोडणाऱ्याची साखर एकाएकी खाली जाते. प्रेसच्या यंत्रापुढे घेरी येणे म्हणजे काय, ते ज्याची बोटे शाबूत आहेत त्याने न अनुभवलेलेच बरे. नावात 'फ्लोझिन' असलेल्या गोळ्यांवर तर पिष्ट अगदीच तोडणे धोक्याचे आहे. रक्तात आम्ल साचते. त्यात ओकारी होते आणि पोट दुखते, आणि माणूस समजतो की गॅस झाला.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. आहाराची सगळी पुस्तके असे धरून चालतात, की वाचणाऱ्याचा वेळ त्याच्या मालकीचा आहे. सावकाश चावून खा, भरपूर पाणी प्या, शौचाची भावना झाली की थांबवू नका, जेवणानंतर शतपावली करा. 1948 च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामामागे किमान अर्धा तास सुट्टी मिळवून दिली, तिला आजही आम्ही फार मोठी गोष्ट मानतो. परंतु त्या अर्ध्या तासातून हात धुणे, कँटीनची रांग आणि परत जाणे वजा करा. जेवायला बारा मिनिटे उरतात. बारा मिनिटांत माणूस अन्नाबरोबर हवाही गिळतो, आणि वर जिरा सोडा पिऊन आणखी वायू आत घालतो.

एका कारखान्यात, नाव घेत नाही, व्यवस्थापनाने मोठ्या उत्साहाने 'आरोग्य थाळी' सुरू केली. भात काढला. त्याजागी कच्ची मोड आलेली मटकी, उकडलेले चणे, कोबीची कोशिंबीर आणि पेलाभर दूध. हेतू चांगला होता, आम्ही टाळ्याही वाजवल्या. पण त्याच कारखान्यात स्वच्छतागृहाला जायला टोकन लागत असे. वीस माणसांच्या रांगेला एक टोकन, आणि पाच मिनिटांच्या वर गेले की वहीत नोंद! पंधरा दिवसांत ती वही भरली आणि दोघांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. स्त्रिया तर त्या टोकनाच्या धास्तीने पाणीच पीत नव्हत्या. त्यांची बद्धकोष्ठता आणि थाळीतला चणा, दोन्ही एकत्र आले. आम्ही बोलणीच्या टेबलावर कँटीनचा आठवड्याचा तक्ता आणि टोकनची वही शेजारी-शेजारी ठेवली. साहेब आधी हसले. मग त्यांनी दोन्हींवरच्या तारखा ताडून पाहिल्या आणि हसायचे थांबले. मटकी वाफवून मिळू लागली, चण्याचे दिवस कमी झाले, दुधाऐवजी ताक आले, ज्याला हवी त्याला एक भाकरी ठेवली, आणि टोकन गेले. यातले पोट कशाने उतरले म्हणाल, तर माझे मत टोकनाच्या बाजूने आहे. व्यवस्थापनाचे मत मटकीच्या बाजूने आहे.

मग करावे काय? मी केलेला हिशेब असा. एका दिवसात सगळे पिष्ट तोडू नका. तिनाच्या दोन भाकऱ्या करा, काही दिवसांनी दीड करा, आणि आधी जाऊ द्यायचे ते पाव, बिस्किट, चहातली साखर, पांढरा भात. भाकरी सर्वांत शेवटी. कडधान्य पाव वाटीपासून वाढवा. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात चांगले शिजवा. मोड आणल्याने आणि पाणी टाकल्याने त्या न पचणाऱ्या साखरा कमी होतात. मूग बहुतेकांना सोसतो, राजमा आणि चणा जड. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रोज अर्धा कप घेवडा खाणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी माणसांनी पहिल्या आठवड्यात वायू वाढल्याचे सांगितले, आणि त्यांतल्या बहुतेकांचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओसरला. आतड्यालाही नवीन पाळीची सवय व्हायला वेळ लागतो. हिंग-ओवा घालू नका असे मी म्हणणार नाही. आमच्या घरी पडतोच.

इतके करूनही पोट उतरत नसेल, तर मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 सालापासून मांडलेली एक पद्धत आहे. तीत आंबणाऱ्या साखरा काही आठवडे कमी करून मग एकेक पदार्थ परत आणून पाहतात. गंमत म्हणजे तिच्यात आपण हाकललेला तांदूळ आणि ज्वारी हीच निरुपद्रवी धान्ये ठरतात, आणि कांदा, लसूण, गहू, चणे आरोपीच्या पिंजऱ्यात जातात. शाकाहारी माणसाने ती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावी, नाहीतर ताटात काहीच उरायचे नाही.

बार्सिलोनाच्या वैद्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आहे. पोट दिसण्याइतके फुगलेल्या कित्येक माणसांच्या आत वायू फारसा वाढलेलाच नसतो. जेवणानंतर छातीखालचा पडदा खाली ढकलला जातो आणि पोटाची भिंत सैल सुटते, म्हणून पोट पुढे येते. त्यांना श्वासाचे शिक्षण देऊन आराम पडतो. तेव्हा "सगळे तुझ्या मनाचे खेळ" असे म्हणणारा नातेवाईकही चूक आणि पोटभर वायूची गोळी देणाराही चूक.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट. आपल्याकडे 'गॅस' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. छातीत भरून आले, घाम फुटला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, दम लागला, तरी माणूस म्हणतो, "काल चणे खाल्ले ना, गॅस आहे." सोडा पितो, ओवा चावतो, पाळी पुरी करतो. मधुमेह्याला तर हृदयाचे दुखणे पुरते जाणवतही नाही. मी अशा माणसांच्या अंत्ययात्रांना गेलो आहे. अशा वेळी 108 क्रमांकाला फोन करून हृदयाचा आलेख काढायला जावे. आलेख चांगला निघाला तर साहेबांची बोलणी खायला मी तुमच्याबरोबर येईन.

शौचातून रक्त, प्रयत्नाविना घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ, सतत ओकारी, पोट फुगून वायूही सुटेनासा होणे, यांतले काहीही दिसले तर आहाराची चर्चा बाजूला ठेवून दवाखाना गाठा. आणि पन्नाशीकडे आलेल्या किंवा ती ओलांडलेल्या भगिनींनो, पोट दोन-तीन आठवडे रोजच फुगलेले राहत असेल, चार घासांत भरल्यासारखे वाटत असेल, लघवीला वरचेवर जावे लागत असेल, तर तो दोष चण्यावर टाकू नका. बीजांडकोशाचा कर्करोग सुरुवातीला असाच बोलतो, आणि घरोघर त्याला अपचन समजले जाते. सोनोग्राफी आणि रक्ताची एक तपासणी यांना अर्धा दिवस लागतो. त्या अर्ध्या दिवसाच्या रजेच्या अर्जात कारण म्हणून 'पोट' एवढाच शब्द लिहिला तरी पुरतो.